जोड

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात सकाळी बैलांच्या दावणींमधून हिंडलं की एखादा सौदा हमखास बघायला मिळतो. दोन माणसं समोरासमोर उभी असतात. एकाच्या खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातांवर पडलेला असतो. तोंडानं कुणीच काही बोलत नाही. टॉवेलखाली बोटं बोलत असतात. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, पंजा धरला की पाच. शेकडा समजायचा की हजार, ते बैलाकडं बघूनच दोघांना कळलेलं असतं. मध्येच एक जण मान हलवतो, हात सोडवून घेतो, चार पावलं चालू लागतो. दलाल त्याला बखोटीला धरून परत आणतो. पुन्हा टॉवेल. बैल रवंथ करत असतो आणि भोवतीची रिकामटेकडी माणसं टॉवेलच्या सुरकुत्यांवरून आकडा ओळखायचा प्रयत्न करत असतात.

हे मी पहिल्यांदा पाहिलं ते तात्यांचं बोट धरून. तात्या म्हणजे आजोबा. घरी नातवंडांशी पत्ते खेळताना हातात एक्का आला की तो त्यांच्या तोंडावर दिसायचा, इतका उघडा माणूस. पण बैलबाजारात शिरले की वेगळेच व्हायचे. बैल मनात भरला असेल तर नेमकी त्याच्याकडं पाठ करून उभे राहायचे. खुरांची ठेवण, दात, चाल, अंगावरचे भोवरे, सगळं येता-जाता आधीच बघून झालेलं असायचं. ‘तोंडावर दिसलं की पाचशे गेले,’ म्हणायचे. समोरचा हेडीही तितकाच मुरलेला. सौदा तुटला किंवा पटला, की दोघं चहाच्या टपरीवर एकाच बाकड्यावर बसायचे आणि मग तोंडं सुटायची: पाऊस, कारखान्यानं दिलेला उसाचा भाव, कुणाची मुलगी कुठं दिली. मला वाटायचं, मग मघाशी एवढं अवघडून कशाला उभे होते? एकदा बैल घेऊन परतताना मी विचारलं, ‘तात्या, कोण जिंकलं?’ तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘बैल औताला जुपल्यावर कळंल.’

बाजार समित्यांचे कायदे झाले आणि धान्य-कांद्याचे लिलाव उघड्यावर आले. ते बरंच झालं. टॉवेलखाली शेतकऱ्याचं काय काय दाबलं जायचं त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. पण कांद्याच्या लिलावाला उभं राहिलं की एक गोष्ट डोळ्यांत सलते. व्यापाऱ्यांचा घोळका ढिगापाशी येतो, एक जण मूठभर कांदे उचलून दाबून बघतो, आकडे भराभरा चढतात, थांबतात, पावती फाटते, घोळका पुढच्या ढिगाकडं. चुरस असते, नाही असं नाही. पण ती त्यांच्यातली. ढिगाशेजारी उभा असलेला, चार महिने रात्री-अपरात्री पाणी भरलेला माणूस त्या चुरशीत कुठंच नसतो. त्याच्या हाताला कुणी हात लावत नाही. बैलवाल्या तात्यांना निदान फसवून घेण्याचा तरी अधिकार होता.

मला कुस्तीतलं काही कळत नाही हे आधीच सांगून टाकते, कारण आता हगाम्याबद्दल लिहायचंय. आमच्याकडच्या जत्रा अशाच चालतात: रात्री छबिना, मग तमाशा, दुसऱ्या दिवशी दुपारी हगामा. कुस्त्यांच्या मैदानात बायकांनी जायची रीत नव्हती, म्हणून आम्ही मुली मैदानाशेजारच्या घराच्या धाब्यावर. तिथून डाव दिसत नसत. ढाक कुठली आणि घिस्सा कुठला ते खाली रिंगणाला खेटून बसलेल्या पोरांनाच कळे. आम्हाला नुसती मातीनं माखलेली, एकमेकांत अडकलेली दोन अंगं. पण उंचावरून जे दिसायचं त्याकडं खालच्यांचं फारसं लक्ष नसे. कुस्ती लागण्याआधीची खटपट. कुणी फेटेवाला पंच एका लंगोट लावलेल्या पोराचं मनगट धरून त्याला रिंगणाच्या कडेकडेनं फिरवतोय. ‘हाय का ह्याच्या जोडीचं कुणी?’ पलीकडून कुणीतरी आपलं पोरगं पुढं ढकलतंय. दोघांना शेजारी उभं करायचं, खांद्याला खांदा लावून बघायचा, दंड चाचपायचे. एक बोटभर उंच निघाला की दुसऱ्याचा चुलता ओरडणार. ‘वजन बघा की त्याचं!’ ‘आरं पण वय बारीक हाय!’ कधी दात बघायचं तेवढं राहायचं. इतकी हुज्जत, आणि कुस्ती मिनिटभरात निकाली. तेवढ्या वेळात हलगीवाला काटक्या पेटवून आपली हलगी शेकून घ्यायचा.

मूठभर रेवड्यांवर लागलेल्या कुस्तीलाही ही जोखणी चुकत नसे. सुरुवातीच्या कुस्त्या रेवड्यांवर किंवा नारळावर, मग रुपयांवर, आणि सूर्य कलायला लागला की इनामाच्या मोठ्या. पण रेवडीची असो की मानाची, अख्खं गाव ज्यासाठी घसा फोडत असे ती गोष्ट म्हणजे जोड बरोबर लागली पाहिजे. कोण पडणार हे आधी कुणालाच सांगता येऊ नये, यासाठी एवढी माणसं झटत होती. पुढं आयुष्यात इतक्या ठिकाणी निकाल आधीच ठरलेले बघितले, की त्या फेटेवाल्या पंचाची मला अजून आठवण येते.

आणि शेवटी शेवटी एखादा असा पैलवान यायचा की त्याला जोडच मिळायची नाही. दंड थोपटत तो रिंगणाला फेरी मारायचा. इनामाचा आकडा पुकारला जायचा, वाढवला जायचा. कुणी उठायचं नाही. दुसरी फेरी. मग पंच त्याला फेटा बांधायचे, हातात नारळ द्यायचे, हलगी वाजायची, लोक टाळ्या पिटायचे. खाली बसलेल्या पोरांना तो देव वाटत असणार. धाब्यावर आजी म्हणायची, ‘एवढं खाल्लं, एवढी मेहनत केली, आन् लढाया कुणी न्हाय. काय करायचंय त्या ताकदीला?’

महाराष्ट्र केसरीचा किताब १९६१ साली सुरू झाला. पहिला मान औरंगाबादच्या अधिवेशनात दिनकर दह्यारींनी मिळवला. माती विभागातून एक आणि गादी विभागातून एक असे दोघं वर येतात आणि शेवटी त्यांची गाठ घालून देतात. म्हणजे तिथंही जोड लावणंच आलं, फक्त ती वजनकाट्यानं आणि तक्त्यानं लागते. २०२५ च्या फेब्रुवारीत ही स्पर्धा आमच्या जिल्ह्यात, अहिल्यानगरला झाली. गादीवरच्या लढतीत पाठ टेकली की नाही यावरून वाद पेटला, प्रकरण पंचांच्या अंगावर जाण्यापर्यंत गेलं, शेवटची लढतही रुसव्यातच संपली, आणि पृथ्वीराज मोहोळ केसरी ठरले. त्यावर दोन महिनेही झाले नाहीत तोच मार्चच्या अखेरीस शेजारच्या कर्जतला आणखी एक महाराष्ट्र केसरी भरली, तिथं वेताळ शेळके केसरी झाले. संघटना वेगळी, गदा वेगळी, जिल्हा तोच. केसरी कोण, यापेक्षा केसरी ठरवायचा कुणी, याचीच कुस्ती जास्त रंगली. जुन्या हगाम्यात पाठ लागल्याचा निकाल आधी बघणारे देत आणि पंच मागून. तेही काही फार न्यायाचं होतं असं म्हणता येत नाही. आपल्या गावचा पोरगा खाली असला की गावाला त्याची पाठ दिसतच नसे.

सांगलीला २०२३ च्या मार्चमध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. प्रतीक्षा बागडी जिंकली. आता गावोगावच्या हगाम्यांतही मुलींची एखादी जोड लागते, आणि पंच त्यांचंही मनगट धरून रिंगण फिरवतात. धाबी तर राहिलीच नाहीत, त्यांच्या जागी स्लॅब आले.

आम्हाला होती ती पंचमीची फुगडी. तिची चढाओढ कुणी मोजली नाही म्हणून ती चढाओढ नव्हती असं समजू नये. हातांची अढी घालायची, पावलांना पावलं भिडवायची आणि मागं रेलायचं. जितकं जास्त रेलाल तितकी फुगडी गरगरणार, पदराचा घोळ उडणार, आणि दोघींच्या तोंडून पकवा घुमायला लागणार. शेजारच्या जोड्या एकेक करून दमून बसायच्या. उरलेल्या दोघींच्यात मग कोण आधी ‘पुरे’ म्हणतं एवढंच बाकी राहायचं. माझी थोरली चुलत बहीण या बाबतीत फार चिवट. तिच्या डोळ्यांत मी बघायची ती दमली का ते, आणि ती माझ्या. तिनं हार मानावी असं मनापासून वाटत असे. पण तिचा हात सुटला तर मीच आधी भिंतीवर जाऊन आदळणार, त्यामुळं जिला हरवायचं तिलाच जिवाच्या आकांतानं धरून ठेवायचं. आमच्या मनगटांवर एकमेकींच्या बांगड्यांचे वळ उठायचे. मोठेपणी नोकरीत, भावकीत, सोसायटीच्या बैठकांत बऱ्याच जणांशी चुरस झाली. अशी धरून ठेवून कुणाशी झाली नाही.

बैलगाड्यांच्या शर्यतींबद्दल माझं मत अजून पक्कं होत नाही. खेड, जुन्नर, आंबेगावकडं घाटात गाडे पळतात: चार बैल, पुढं घोडीवर स्वार, आणि एका वेळी एकच गाडा. शेजारी कुणी नाही, स्पर्धा घड्याळाशी. सातारा-सांगलीकडं छकडे ओळीनं सुटतात. रायगड-ठाण्याकडं बिनजोड, म्हणजे दोघांतच काय ते होऊन जाऊ दे. विदर्भात शंकरपट. एकाच महाराष्ट्रात बैल पळवायच्या इतक्या तऱ्हा, आणि प्रत्येकाला आपलीच खरी वाटते. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं या शर्यती थांबवल्या. १६ डिसेंबर २०२१ ला अटी घालून परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा दुरुस्ती कायदा ग्राह्य धरला. मधल्या वर्षांत पारावरचे लोक तारखांवर तारखा तोंडपाठ सांगायचे. ती दिल्लीतली शर्यतही लोकांनी तितक्याच उत्कंठेनं बघितली.

शर्यतीचा खिल्लार घरात कसा ठेवतात ते मी बघितलंय. घरातल्या सुनेला दूध मिळेल न मिळेल, त्याला मिळतं. अंगावरून हात फिरवल्याशिवाय मालक झोपत नाही. एकदा निकालानंतर मी गाड्यापाशी गेले होते. मालकाच्या डोक्यावर गुलाल, पोरं नाचतायत, कुणी कुणाला खांद्यावर घेतलंय, आणि बैल नाकपुड्या फुलवून उभा. त्याच्या शिंगांवरही गुलाल पडला होता आणि तो मान झटकत होता. तो पहिला आला हे त्याला ठाऊक नव्हतं. हरला असता तरी ठाऊक नसतं. मग पळालं कोण? काष्टीच्या बाजारात एकाच दावणीला दोन गोऱ्हे असतात. एकाला शर्यतीचा शौकीन नेतो आणि दुसऱ्याला ऊसतोडीचा गडी. एकाची बारी काही सेकंदांची, दुसऱ्याची सगळा हंगाम चालणारी, कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत. दोघांपैकी कुणाचं नशीब बरं ते ठरवायला मला जमत नाही. ज्याच्याशी कुणी जोड जुळवून विचारलं नाही, त्याला स्पर्धक म्हणायला जीभ अडते एवढं खरं.

आमच्याच श्रीगोंदा तालुक्यात भीमेच्या काठी पेडगाव आहे. वेड पांघरून पेडगावला जायचं, असं महाराष्ट्रभर ज्यांनी पेडगाव कधी बघितलं नाही तेही म्हणतात. तिथं औरंगजेबाचा दूधभाऊ बहादूरखान कोकलताश तळ देऊन होता; किल्ल्याचं नावच बहादूरगड पडलं. १६७४ साली, शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक नुकताच झालेला असताना, मराठ्यांची एक तुकडी चाल करून आली. खान फौज घेऊन मागं लागला, तुकडी पळत राहिली, पळता पळता त्याला लांब घेऊन गेली. आणि दुसऱ्या मोठ्या तुकडीनं मोकळ्या तळावरून खजिना आणि घोडे उचलून नेले. लहानपणी ही गोष्ट ऐकताना आम्ही लोळून हसायचो. आता ऐकताना पळणाऱ्या तुकडीचा विचार येतो. हरल्यासारखं दिसायचं हे त्यांचं काम होतं. पाठ दाखवायची, घोडा दमला नसला तरी दमल्यासारखा करायचा, पाठलाग करणाऱ्याला जिंकल्याची चव देत राहायचं. लूट घेऊन जाणाऱ्यांच्या वाट्याला निदान लूट आली. खान तर आपण शर्यत जिंकतोय या आनंदात घोडा दामटत होता.

त्याच बहादूरगडावर पंधरा वर्षांनी, १६८९ च्या फेब्रुवारीत, संभाजी महाराजांना कैद करून औरंगजेबापुढं आणलं. विदूषकाचे कपडे घालून, उंटावर बसवून धिंड काढली. बादशहा जिंकला होता, आणि जिंकलेलं सगळ्यांना दिसावं अशी त्याची व्यवस्था होती. बघायला आलेल्यांनी काय बघितलं ते त्या व्यवस्थेच्या हातात नव्हतं. आजही लोक त्या पडक्या भिंतींपाशी चपला काढतात.

तमाशाच्या फडातली कलगी-तुऱ्याची झुंज मी प्रत्यक्ष बघितली ती फार उशिरा, एका महोत्सवात, खुर्चीवर बसून. तात्यांनी ती कनातीत मांडी घालून पहाटेपर्यंत ऐकली होती. हा जिल्हा संगमनेरच्या अनंत फंदींचा. शाहिरीचा कान इथं जुना. कलगीवाले शक्तीच्या बाजूचे, तुरेवाले शिवाच्या. शक्ती थोर की शिव थोर, यावर रात्ररात्र भेदिक चालायचं. एकानं पुराणातलं कोडं घालायचं, दुसऱ्यानं ते सोडवून उलटं त्याच्याच गळ्यात बांधायचं. उत्तर सुचेपर्यंत डफावर थाप चालू ठेवायची. थाप थांबली की गेला. आता शिव आणि शक्ती यांतला निकाल कुठल्या शाहिरानं द्यायचा? दिला तर उद्याच्या गावात गायचं काय? हरणाऱ्याचा त्या रात्रीपुरता अपमान व्हायचा, शीळ घातली जायची. पण दोन्ही पक्षांना ठाऊक असायचं की समोरचा डफ गप्प झाला तर आपलाही ऐकायला कुणी येणार नाही. म्हणून मला वाटतं, काही शाहीर मुद्दाम थोडं सोपं कोडंही घालत असतील. तात्यांना विचारायचं राहून गेलं.

ज्या चढाओढीला इनाम नाही, पंच नाही आणि शेवटही नाही, तिचं नाव बांध. दोन सख्ख्या भावांच्या मध्ये हातभर रुंदीचा मातीचा बांध असतो. दर नांगरटीला एक जण त्याला चार बोटं कोरतो. पुढच्या वर्षी दुसरा. मोजणीवाले येतात, खुणेचे दगड पुरतात, दगड सरकतात. श्रीगोंद्याच्या कोर्टात तारखा पडतात, आणि त्या तारखेला जाताना दोघं भाऊ कधी कधी एकाच एसटीत पुढच्या-मागच्या सीटवर बसलेले असतात. चार बोटं जमिनीत पिकणार किती? दोन सऱ्या ऊससुद्धा नाही. वकिलाच्या फीत तेवढी जमीन विकत मिळाली असती हे दोघांनाही पाठ आहे. पण बांधावरून ज्यानं माघार घेतली तो काय पडला, हे फक्त त्यालाच कळतं. त्यातून कुणाला शहाणपण सांगायला मी गेले नाही. आमच्याही घराला एक बांध आहे.

पाण्याचं तर विचारूच नका. घोडचं आवर्तन, कुकडीचं आवर्तन, वरचे आधी की खालचे आधी. कुकडीचा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत करमाळ्यापर्यंत जातो, आणि शेवटच्या गावाला पाणी पोचेपर्यंत वरच्यांचे पाट भरून वाहिलेले असतात. या ओढाताणीच्या मुलखात २०१६ साली पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा सुरू झाली, तेव्हा मला ती जरा गंमतच वाटली होती. पाण्यावरून भांडणाऱ्यांना पाण्यावरूनच आणखी स्पर्धा लावायची? पहिल्या वर्षी वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव असे तीनच तालुके होते. उन्हाळ्याच्या दिवसांत लोक टिकाव-फावडी घेऊन माळावर चर खणत होते. साताऱ्याचं वेळू गाव पहिलं आलं. पण पुढं पाऊस पडला तेव्हा चौथ्या, चाळिसाव्या क्रमांकाच्या गावातल्या चरांतही पाणी उभं राहिलं. असा पराभव मी दुसरा बघितलेला नाही. ज्या गावांत नंतर चर बुजले आणि विंधनविहिरी पुन्हा वाढल्या तीही आहेत. कप नेऊन आलेल्यांनीही पुढं ऊसच लावला असेल तर नवल नाही. तरी तेवढे दिवस बांधावरून कोर्टात गेलेले भाऊ एका चरात उतरले होते, असं ज्यांनी सांगितलं त्यांच्या तोंडावरचं नवल खोटं नव्हतं.

माझ्या भाच्याच्या वयाची मुलं आता गावात फारशी दिसत नाहीत. जी हुशार समजली जातात ती पुण्याला पेठांमधल्या अभ्यासिकांत. एका लाकडी कप्प्याएवढी जागा, समोर पुस्तकांची उतरंड, शेजारी दुसरा कप्पा. स्पर्धा परीक्षा. शेजारच्याला जागा मिळाली तर आपली गेली असं नाही, आणि आपल्याला मिळाली तर त्याची गेली असंही नाही. प्रतिस्पर्धी लाखांनी आहेत आणि एकाचंही तोंड माहीत नाही. कुणाचं मनगट धरून कुणी रिंगणातून फिरवत नाही. काही गुणांनी यादीबाहेर राहिलेला मुलगा घरी येतो तेव्हा त्याला सांगता येत नाही की मी अमुक एकाकडून पडलो. त्याला पाडणारा कुणी नसतोच. मग तो स्वतःलाच धरतो. हगाम्यात चितपट झालेलं पोरगं निदान अंगावरची माती झटकत आपल्या गोतात जाऊन बसायचं, आणि कुणीतरी त्याला म्हणायचं, ‘आरं, त्याचं वजन जास्त होतं.’

जी मुलं गावात राहिली आहेत ती पोलीस भरतीच्या मागं. पहाटे दौंड रस्त्याच्या कडेनं पळताना दिसतात. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक. मला गुडघ्यांसाठी चालायला सांगितलंय म्हणून मीही त्याच वेळी बाहेर पडते. दोन पोरं रोज भेटतात. एक पळतो आणि दुसरा मोबाइलवर वेळ लावून उभा असतो, मग अदलाबदल. घड्याळवाला नुसता उभा राहत नाही. शेवटच्या वळणावर तो शेजारून पळायला लागतो, ‘हात मार, हात मार, खांदं सोड,’ ओरडत राहतो, आणि पोहोचल्यावर वाकलेल्या दोस्ताच्या पाठीवर हात ठेवून आकडा सांगतो. आकडा वाईट असला तर शिवीही. दोघांनी एकाच जिल्ह्याला, एकाच प्रवर्गातून अर्ज भरलाय, हे मला बोलण्यातून कळलं. त्या दिवशी न राहवून मी विचारलं, ‘काय रे, दोघांत एकच जागा निघाली तर?’

पळून आलेला अजून धापा टाकत होता. घड्याळवाल्यानं माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

‘मावशी, आधी ह्याची सहा सेकंदं तर कमी होऊ द्या,’ तो म्हणाला. ‘हा मागं पडला तर मला पहाटं उठवणार कोण?’